दिनविशेष लिहिताना या चुका टाळा

शाळेच्या परिपाठात वाचला जाणारा, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापला जाणारा आणि हल्ली रोज सकाळी मोबाइलवर येऊन पडणारा दिनविशेष बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी यादीवरून उतरवलेला असतो, आणि त्या यादीत एकदा शिरलेली चूक दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा वाचली जाते. दोन घटना एका तारखेखाली मांडण्यापूर्वी त्या तारखा एकाच कालगणनेतील आहेत का, हे पाहणे संकलकाचे पहिले काम आहे. ते राहून गेले की जे दिवस प्रत्यक्षात निरनिराळे होते ते कागदावर एक होऊन बसतात.

जुनी आणि नवी गणना एकत्र करू नका

सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ज्युलियन कालगणनेत सुधारणा केली आणि त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. स्पेन व पोर्तुगाल यांनी ही नवी गणना लगेच स्वीकारली; इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत आणि रशियाने १९१८ पर्यंत जुनीच चालवली. शेक्सपियर आणि सर्व्हान्टिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले, असे जे सांगितले जाते ते म्हणूनच टिकत नाही. शेक्सपियरची तारीख इंग्लंडच्या जुन्या गणनेतील आहे, म्हणजे स्पेनमध्ये तेव्हा ३ मे उजाडला होता. आणि सर्व्हान्टिसचे निधन तर आदल्या दिवशी, २२ एप्रिलला झाले असे अभ्यासक मानतात. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्यही असेच दोन गणनांच्या सरमिसळीतून आले आहे. गॅलिलिओचा मृत्यू नव्या गणनेने ८ जानेवारी १६४२ रोजी झाला. न्यूटनचा जन्म जुन्या गणनेने २५ डिसेंबर १६४२ चा, म्हणजे नव्या गणनेने ४ जानेवारी १६४३ चा.

हा प्रश्न केवळ युरोपचा आहे असे समजू नये. सतराव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीज आपल्या पत्रांवर नवी तारीख घालत होते आणि सुरत व मुंबईतील इंग्रज जुनी. त्यामुळे कोकणात घडलेल्या एकाच घटनेची तारीख दोन दप्तरांत दहा दिवसांच्या फरकाने सापडते, आणि १७०० नंतर हा फरक अकरा दिवसांचा होतो. भर म्हणून इंग्रजांचे कायदेशीर वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होत असे. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण त्या महिन्यातील इंग्रजी पत्रावर १६६३ किंवा १६६३-६४ असे वर्ष दिसू शकते. ते पाहून लूट वर्षभर मागे नेणे ही सहज होणारी चूक आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूच्या २० फेब्रुवारी १७०७ आणि ३ मार्च १७०७ अशा दोन तारखा पुस्तकांत आढळतात, तेव्हा कोणा लेखकाने हलगर्जीपणा केला असे मानण्याचे कारण नाही. पहिली जुनी आहे, दुसरी नवी, आणि दिवस एकच आहे.

वार लावून पाहा

तारीख कोणत्या गणनेतील आहे हे कळत नसेल तेव्हा मूळ नोंदीतील वार फार उपयोगी पडतो. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील तिथीवार नोंदींच्या यादीत, शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे, आणि त्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख निघते. आता आजच्या कॅलेंडरचे नियम मागे नेऊन १९ फेब्रुवारी १६३० चा वार काढला तर मंगळवार येतो आणि नवखा अभ्यासक गोंधळतो. दहा दिवस मिळवून १ मार्च १६३० चा वार काढावा. तो शुक्रवारच येतो. म्हणजे १९ फेब्रुवारी चुकीची नाही, ती ज्युलियन तारीख आहे आणि त्या गणनेत ती अचूक आहे. त्या काळातील इतर घटना तिच्या शेजारी मांडायच्या असतील तर त्याही ज्युलियनच घ्याव्यात, किंवा सगळ्याच नव्या गणनेत आणाव्यात. अर्ध्या इकडच्या आणि अर्ध्या तिकडच्या ठेवू नयेत.

शकात सरसकट ७८ मिळवू नका

याच नोंदीत आणखी एक खाच आहे. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात आणि जन्म एक वर्ष मागे जातो. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथी बहुधा पुढच्या इसवी सनात पडतात आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. तसेच उत्तर भारतातील पंचांग हाती असेल तर महिन्याकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला. म्हणून आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया असते. हे न पाहता उत्तरेकडील पंचांगात फाल्गुनाचा कृष्ण पक्ष शोधला तर तारीख एक महिना चुकते.

दिवस केव्हा सुरू होतो ते विचारा

राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४. इंग्रजी हिशेबाने तो शनिवार होता, पण जेधे शकावलीत वार शुक्रवार आणि तिथी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी आहे, तर एरवी आपण त्रयोदशी म्हणतो. यात विरोध नाही. शकावलीच सांगते की महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती, म्हणजे सूर्योदयाला सुमारे सव्वा तास बाकी होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून ती वेळ शुक्रवारातच मोडते; इंग्रजी दिवस मध्यरात्रीच बदललेला होता. द्वादशी सूर्योदयाला होती म्हणून ती त्या दिवसाची तिथी, पण ती दुपारीच संपली होती आणि सिंहासनारोहणाच्या क्षणी त्रयोदशी चालू होती. एका ओळीच्या नोंदीत इतका तपशील भरलेला असतो, आणि तो समजून घेण्यात मला तरी फार आनंद वाटतो.

अलीकडच्या घटनांत हाच प्रश्न घड्याळाचा होतो. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती आणि भारतात २१ जुलैची सकाळ. कोणतीही तारीख लिहावी, पण स्थळाची वेळ सांगून लिहावी.

सणाला तारीख चिकटवू नका

पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, असे दर १४ जानेवारीला वाचायला मिळते. लढाईची तारीख बरोबर आहे: १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. मात्र संक्रांत त्या दिवशी नव्हती, कारण ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. त्याच्याही शंभर वर्षे आधीची संक्रांत १४ तारखेला असणे शक्य नाही.

नेमके काय घडले ते लिहा

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले, त्यावर सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी स्वाक्षऱ्या केल्या आणि ते २६ जानेवारीला पूर्णपणे अमलात आले. या तिन्ही दिवसांपुढे नुसते ‘संविधान तयार झाले’ असे लिहिणारी नोंद निरुपयोगी आहे. मिठाच्या सत्याग्रहाचेही तसेच: गांधीजी साबरमतीहून १२ मार्च १९३० रोजी निघाले आणि दांडीला मीठ उचलले ६ एप्रिलला.

भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू यांच्या फाशीबद्दल दर फेब्रुवारीत फिरणारा संदेश मात्र समजुतीच्या चुकीत मोडत नाही, तो सरळ खोटा आहे. १४ फेब्रुवारीला त्यांना फाशी दिली गेली किंवा शिक्षा सुनावली गेली, असे त्यात म्हटलेले असते. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि फाशी झाली २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी, लाहोरच्या तुरुंगात. असा संदेश आपल्या गटात आला तर गप्प न बसता या दोन तारखा त्याखाली लिहाव्यात, आणि शाळेच्या फळ्यावर तो उतरवला गेला असेल तर परिपाठ सुरू होण्याआधी पुसावा.