ट्रेक लीडर व्हायचंय? आधी रांगेच्या शेवटी चाला

ट्रेकवरून परतताना बसमध्ये कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, ‘ताई, मलाही हेच काम करायचंय. कोर्स कोणता करू?’ कोर्सचं पुढे सांगतेच, पण माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकावर येतो. आधी सह्याद्रीतले तिन्ही ऋतू, मग प्रथमोपचार आणि त्यानंतर हिमालयातली संस्था. प्रमाणपत्र हातात आहे, पण वीस माणसं घेऊन उतरायची वेळ आली की गोंधळतात, अशी बरीच मुलं मी पाहिली आहेत.

ट्रेकला एक लीडर पुढे असतो आणि एक सगळ्यात मागे. नवीन आलेल्याला बहुतेक ग्रुप मागे ठेवतात आणि त्याला वाटतं, आपल्याला बाजूला टाकलं. खरं तर शिकायची जागा तीच आहे. पुढच्या लीडरबरोबर दमदार मंडळी चालतात. मागे उरतात ती दमलेली, घाबरलेली, नव्या बुटांनी पाय सोललेली, आदल्या रात्री झोप न झालेली माणसं. मघापर्यंत बडबड करणारा गप्प झाला, तर त्याच्याशी बोलायला जायचं. एप्रिलच्या उन्हात कळसूबाईच्या शिड्यांवर कुणी साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं, तर तो थकवा समजून पुढे रेटायचं नाही. सावलीत बसवायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा, आणि भान ठीक असेल तरच ओआरएस पाजायचं. बोलण्यातला गोंधळ थांबला नाही, तर ट्रेक तिथेच संपला आणि आता दवाखाना, हे ठरवायची हिंमत पाहिजे.

हरिहर गडाच्या पायऱ्यांवर हीच मागची जागा आणखी कसाला लागते. चढताना सगळे मजेत असतात. उतरताना खाली दरी दिसली की एखाद्याचे पाय जागीच थिजतात. तिथे कातळाकडे तोंड करून, पायऱ्यांच्या कडेला कोरलेल्या खोबण्या धरत उतरायचं असतं. लीडरने त्या माणसाच्या एक-दोन पायऱ्या खाली उभं राहून फक्त पुढचं पाऊल सांगायचं: ‘डावा पाय खाली, अजून थोडा, टेकला.’ ‘घाबरू नका’ या दोन शब्दांचा तिथे काडीचा उपयोग नाही. शनिवार-रविवारी वरून-खालून एकाच वेळी गर्दी येते. अशा वेळी दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करून रस्ता आळीपाळीने सोडणं, हेसुद्धा आपल्याच कामात येतं.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी शिकवली नाही. ग्रुपमधल्या कितीतरी बायका-मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आडोसा कुठे मिळेल, विचारायचं कुणाला, याची खात्री नसते. दुपारी त्यांना चक्कर येते आणि सगळे म्हणतात, ‘स्टॅमिना नाही.’ म्हणून निघतानाच मोठ्याने सांगावं: पायथ्याच्या गावात अमुक घरी सोय आहे, पुढचा आडोसा अमुक टप्प्यावर, तिथे दहा मिनिटं थांबू. पॅड, कागदी पिशव्या आणि वापरलेलं परत आणायला एक घट्ट बंद होणारी पिशवी लीडरच्या सॅकमध्ये असावी. लीडर पुरुष असेल तर त्यानेही हे न लाजता सांगावं. पोरांनो, हे शिकाच. एवढ्या एका सूचनेने दिवस सुरळीत जातो.

पावसाळ्यात डोकं वेगळं चालवावं लागतं. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की वर कुठेतरी जोरात कोसळतोय. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी तेव्हा ओढ्यात उतरायचं नाही. सह्याद्रीतले छोटे ओढे पाऊस थांबल्यावर बरेचदा काही तासांत उतरतात. बसून राहायची तयारी हवी, म्हणून सॅकमध्ये जास्तीचं खाणं आणि टॉर्च हवा. कुणाच्या कमरेला दोर बांधून पाण्यात सोडणं तर अजिबात नको. माणूस घसरला तर तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

हे सगळं मला ज्यांच्याकडून समजलं, त्यांतले निम्मे लोक पायथ्याच्या गावांतले. अलंग-मदन-कुलंगला जाताना आंबेवाडीतून वाटाड्या घ्या, हरिश्चंद्रगडाला पाचनईतून घ्या, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. धुक्यात पठारावर सगळ्या दिशा सारख्या दिसतात तेव्हा मोबाइलमधल्या नकाशापेक्षा त्याचा शब्द मी आधी मानते. कोणत्या कड्याला यंदा आग्या मोहोळ आहे, हे त्यालाच माहीत असतं. तशा जागी अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच चालत नाही.

प्रथमोपचाराचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचून येत नाही, करूनच येतं. दवाखान्यापासून दूरच्या परिस्थितीसाठीचे वेगळे कोर्स असतात. छोटा दोनेक दिवसांचा असतो, ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा मोठा साधारण 80 तासांचा. या कामात राहायचं असेल तर मोठाच करा. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबत राहणं, पुतळ्यावर दमेपर्यंत करून बघा: मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल इतके. घोणस, फुरसे, नाग, मण्यार ओळखता आले तर उत्तम. पण साप चावल्यावर त्याला शोधत बसायचं नाही. चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला उचलून खाली न्यायचं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का, याची चौकशी ट्रेकच्या आधीच फोनवर करून ठेवायची. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबरही फोनमध्ये हवा.

आता कोर्स. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 ची. मनाली आणि पहलगामलाही सरकारी संस्था आहेत. मी उत्तरकाशीला गेले होते. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि जागा फार आधी भरतात, तेव्हा नोंदणी सुरू झाली की लगेच अर्ज टाका. पहाटे धावणं, मग टेखलाच्या कातळांवर चढाई, रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं, गाठी, बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. नंतर पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन डोकरानी बामक हिमनदीकडे चाल. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना लावायचे धातूचे काटे, घालून चालणं, घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं, हिमभेगेतून माणूस बाहेर काढण्याची पद्धत शिकवतात. ‘ए’ ग्रेड मिळाली तरच पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला जाता येतं. तो झाल्यावर शिकवण्याच्या पद्धतीचा आणि शोध-बचावाचा कोर्स असतो. तयारीसाठी नाशिककरांना ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जवळ आहेत. सॅक भरून, त्याच बुटांत, आठवड्यातून दोनदा चढा.

घरच्यांना कोर्स म्हणजे शाळा वाटते. त्यांना खरं सांगूनच जा. 4 ऑक्टोबर 2022 ला याच संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडावर हिमप्रपातात सापडली आणि प्रशिक्षणार्थींबरोबर अनुभवी प्रशिक्षकही दगावले. या बातमीने माझ्या घरात पुष्कळ रडणं झालं. मी काम सोडलं नाही, पण तेव्हापासून माझ्या हिमालयातल्या कामाची चर्चा घरी उघडपणे होते, आणि ती व्हायलाच हवी.

विरळ हवेचा त्रास हा आपल्याकडच्या मुलांसाठी नवा विषय. कळसूबाई 1646 मीटर आणि हा त्रास साधारण 2500 मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे सह्याद्रीत कितीही फिरलात तरी त्याची ओळख होत नाही. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर चढायचं नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस सुट्टी आणि पैसे मोजून आलेला असतो. त्याला ‘तुम्ही उद्या वर येणार नाही’ हे सांगणं मला अजूनही जड जातं.

कमाईचं बोलायला हवं. हे काम बहुतेकांसाठी दिवसाच्या हिशेबाचं आहे, पगाराचं नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत गर्दी, मग हिवाळ्यातले मुक्कामी ट्रेक. हिमालयात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. दोन्हीकडे काम येणाऱ्याचं वर्ष बऱ्यापैकी भरतं. तरी पहिली दोन-तीन वर्षं दुसरा आधार ठेवा. कुठल्याही आयोजकाकडे जाण्याआधी विचारा: राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, लीडरचा विमा आहे का, एका लीडरमागे माणसं किती, आणि परत फिरायचा निर्णय कुणाचा. एका आयोजकाने पावसाळी ट्रेकला बसभर माणसं आणि दोनच लीडर असं ठरवलं, तेव्हा मी ते काम सोडलं. त्या हंगामात हात आखडला, पण दुसरं काम मिळालं.

सुरुवात आजच करायची असेल तर एक वही घ्या. प्रत्येक ट्रेकनंतर लिहा: कोणत्या टप्प्याला किती वाजले, सगळ्यात हळू माणसाला किती वेळ लागला, कुठल्या टाक्यात कोणत्या महिन्यात पाणी होतं, गावातून गाडी किती वाजेपर्यंत मिळते. साल्हेरच्या माझ्या नोंदी मी आजही निघायच्या आदल्या रात्री उघडते. आणि एखाद्या चांगल्या संस्थेने अनुभव विचारला, तर फोटो दाखवू नका, ही वही पुढे करा.