पहिला खेळाडू चाचणीला येण्याआधी

क्रीडाविज्ञानाचा प्रकल्प हाती आला की बरेच विद्यार्थी आधी उपकरणांची चौकशी करतात. मी म्हणेन, आधी संघाचं वेळापत्रक मागून घ्या. तुमची चाचणी स्पर्धेच्या तोंडावर आली तर प्रशिक्षक एकही खेळाडू सोडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं. तारखा कळल्या की संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहा. काय मोजणार, कोणाचं मोजणार आणि कशाशी ताडून पाहणार, हे तिन्ही त्या वाक्यात बसत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे.

त्याच आठवड्यात नैतिकता समितीचा अर्ज भरायला घ्या. मंजुरीआधी कोणाचंही माप घ्यायचं नाही, म्हणून सरावाच्या चाचण्याही अर्जातच लिहा. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची तत्त्वं १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात मांडली गेली, आणि माहितीपूर्ण संमती हा त्यांचा गाभा आहे. संमतीपत्र खेळाडूला एका वाचनात कळलं पाहिजे. कारण न सांगता कधीही माघार घेता येते, हे त्यात ठळक हवं. खेळाडू अठरा वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती हवीच, शिवाय मुलांचा स्वतःचा होकारही. तो विचारताना प्रशिक्षक जवळ नसावेत. संघात निवड ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर पंधरा वर्षांची मुलगी 'नाही' कशी म्हणेल?

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ते काम: स्वतःच्या मोजणीतली चूक आधी मोजा. समजा उभी उडी मोजायची आहे. आठ-दहा जणांची उडी आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजा, मधे कसलंही वेगळं प्रशिक्षण नको. आकडे तरीही हलतील. हा फरक दोन सेंटिमीटरचा निघाला, तर एखाद्या खेळाडूची दीड सेंटिमीटरची 'प्रगती' खरी की नुसता मोजणीतला चढउतार, हे तुम्हाला सांगता येणार नाही. हे जानेवारीत कळलं तर पद्धत सुधारता येते; अहवाल लिहिताना कळलं तर हातात काहीच उरत नाही. फरक कमी करायचा तर खेळाडूंना चाचणीची ओळख आधी करून द्या, कारण पहिल्या एक-दोन वेळांतली सुधारणा बरेचदा नुसती सवयीची असते. वेळ एकच ठेवा. शरीराचं तापमान संध्याकाळच्या सुमारास जास्त असतं आणि ताकद, उडी सकाळपेक्षा बहुधा बरी येते. बूट तेच, वॉर्म-अप तोच, प्रोत्साहनाचे शब्दही तेच. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको. कॉफीबद्दल जरूर विचारा, कारण कॅफीनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. अंगावर लावायचं जीपीएस यंत्र प्रत्येक खेळाडूला दर वेळी तेच द्या.

श्वासवायू तपासणारं यंत्र वापरणार असाल तर दर सत्राआधी ते ज्ञात मिश्रणाच्या वायूने आणि तीन लिटरच्या सिरिंजने जुळवून घ्या, आणि ते आकडे वहीत लिहा. कमाल हृदयगती २२० वजा वय या सूत्राने ठरवू नका. एकाच वयाच्या दोन खेळाडूंत वीस ठोक्यांचा फरक सहज असतो.

काहीजण दुखापतीने किंवा परीक्षेमुळे गळतील, म्हणून लागतात त्यापेक्षा थोडे जास्त खेळाडू घ्या. कोणती सांख्यिकी चाचणी लावणार ते आकडे गोळा करण्याआधीच ठरवून मार्गदर्शकांना दाखवा. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा आणि नावांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा.

प्रकल्पाऐवजी एखाद्या संघासोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणार असाल तर तयारी थोडी वेगळी. प्रथमोपचार आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं, प्रशिक्षण आधी घ्या. पहिल्याच दिवशी एईडी, म्हणजे अशा वेळी हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे ठेवलंय ते पाहून या. कोणाच्या गुडघ्यात काय दुखतंय हे तुम्हाला कळेल, पण ते तुमच्याकडून बाहेर जाता कामा नये, कारण त्यावर एखाद्याची निवड अवलंबून असते. रोजची नोंद त्याच संध्याकाळी लिहा: काय केलं, काय चुकलं, कोणता निर्णय का घेतला. महिन्याने आठवून लिहिलेली नोंदवही परीक्षकांना लगेच ओळखू येते.

शेवटची तारीख कॅलेंडरवर आजच टाका: प्रत्येक खेळाडूला त्याचे स्वतःचे आकडे, साध्या भाषेत, एका पानावर द्यायचा दिवस. तो अहवाल जमा करण्याच्या आधीचा असू द्या, कारण नंतर तुम्ही निघून गेलेले असता.