पत्राच्या मागची ओळ

नेपाळमधल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या ब्रिटिश संस्थेची मी सात वर्षं खजिनदार आहे. आमच्याकडे पगारी माणूस एकही नाही. सहा विश्वस्त आपापल्या नोकऱ्या सांभाळून रविवारी सकाळी ऑनलाइन भेटतात. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी पूर्वापार शनिवारची, म्हणून रविवारी आमची तिथली माणसं कामावर असतात. शिवाय हिवाळ्यात तिथलं घड्याळ आमच्यापुढे पावणेसहा तास असतं, त्यामुळे दुपारपर्यंत थांबलं तर तिकडे संध्याकाळ होऊन जाते. इकडे ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, की असं काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी आले ती हिशेब जमतात म्हणून. पण माझा खरा उपयोग दुसऱ्याच गोष्टीसाठी झाला, तो म्हणजे देवनागरी वाचता येते यासाठी.

संस्था तेव्हा काठमांडूतल्या एका बालगृहातल्या मुलांचा खर्च उचलायची. दर सहा महिन्यांनी देणगीदारांना मुलांची पत्रं यायची. पुढच्या बाजूला इंग्रजी मजकूर, सगळ्यांचा जवळजवळ सारखा: मी बरी आहे, अभ्यास करते, तुमचे आभार. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या पत्रावर डोंगराचं चित्र होतं. ते स्कॅन करताना कागद उलटला, तर मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात दोन वाक्यं होती: 'घरमा आमा र बहिनी छन्। आमालाई सम्झिन्छु।' नेपाळी मी कधी शिकले नव्हते, पण हे कळायला शिकावं लागत नाही. घरी आई आणि धाकटी बहीण आहे, आईची आठवण येते. आमच्या फाइलमध्ये त्या मुलीच्या नावापुढे 'आईवडील दोघेही मृत' असं टाइप केलेलं होतं, सोबत शिक्क्याचा दाखलाही होता. तिची आधीची पत्रं काढून बघितली. आणखी एकावर 'आमा' होती. तीन वर्षं ती पत्रं आमच्या कपाटात होती आणि माझ्याशिवाय सहा जणांपैकी कुणालाही ती वाचता येत नव्हती.

यामागचं कारण समजून घ्या, कारण या क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी एवढं तरी माहीत हवंच. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवादी संघर्ष चालू होता. हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतल्या आईबापांना सांगितलं गेलं, की मुलाला काठमांडूला पाठवा, चांगली शाळा मिळेल, जीवही वाचेल. दलालांनी त्यासाठी पैसे घेतले, आणि शहरात आणल्यावर मुलांना कागदोपत्री अनाथ केलं. संघर्ष संपला तरी हा धंदा थांबला नाही, कारण अनाथ मुलांना बघून परदेशी माणूस पैसे देतो. देशातली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या पर्यटकांच्या पाच जिल्ह्यांत एकवटली, ती उगाच नाही. जगभरात अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी पाचात चार जणांची आई किंवा वडील हयात असतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, ती याच भीतीने.

आम्ही लगेच पैसे बंद केले नाहीत. तसं केलं तर मुलं त्याच रात्री उपाशी राहतात, किंवा त्यांना दुसरीकडे हलवलं जातं आणि मग त्यांचा माग लागत नाही. आम्ही तिथली एक नोंदणीकृत स्थानिक संस्था गाठली. तिचा कार्यकर्ता आधी नेपाळगंजला, तिथून छोट्या विमानाने हुम्लाच्या मुख्य ठिकाणी, सिमिकोटला, आणि मग दोन दिवस पायी चालत त्या गावी गेला. आई घरीच होती. मुलगी मोठ्या शाळेत शिकतेय एवढंच तिला सांगितलेलं होतं. मुलीची खबर मात्र आईला कधी मिळाली नव्हती.

मुलगी घरी परत जायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं. आधी फोन, मग आईची काठमांडू-भेट, वडा कार्यालयाची, म्हणजे तिथल्या प्रभाग कार्यालयाची सिफारिस (शिफारसपत्र), मग दशैंला, म्हणजे दसऱ्याच्या सणाला, पंधरा दिवस घरी. आईने कपाळाला टिका लावल्याचा फोटो आम्हाला आला. तो आम्ही कुठेही टाकलेला नाही. मुलांचे फोटो देणगीसाठी वापरायचे नाहीत हा नियम तेव्हापासून आहे, आणि त्यामुळे देणगी थोडी कमी येते हे मान्य करूनही मला तो बरोबर वाटतो.

आता तुमच्या कामाचं. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की धर्मादाय संस्थेला चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी करावी लागते. तिथल्या सार्वजनिक नोंदवहीत कुठल्याही नोंदणीकृत संस्थेची माहिती मिळते. हो म्हणण्याआधी तिचे हिशेब वेळेवर गेलेत का ते तिथे बघा. गिफ्ट एड शिकून घ्या: देणगीदार इथे कर भरत असेल आणि त्याने घोषणापत्र दिलं असेल, तर प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात. कंटाळवाणं काम आहे, कुणी हात लावत नाही, आणि आमच्या कितीतरी मुलांची फी त्यातून निघाली आहे.

नेपाळहून येणाऱ्या पावत्यांवर विक्रम संवताची तारीख असते. २०७५ सालची पावती बघून घाबरू नका, साधारण ५७ वजा करा. तिथलं आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे दोन्हीकडचा ताळमेळ बसवायला वेगळा तक्ता ठेवावा लागतो. आता पैसे बालगृहाला न जाता कुटुंबाकडे जातात: फी, वह्या, गणवेश, कधी आईला शेळ्या. पावतीवर 'दायाँ' आणि 'बायाँ' अशा दोन चौकटी असतात, उजव्या आणि डाव्या अंगठ्याच्या. त्या मुलीच्या आईचे ठसे दर तिमाहीला येतात. निळ्या शाईतल्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की अर्धा अंगठा कोराच उमटतो. तो कागद हातात आला की मी थोडा वेळ बाकीचं काम बाजूला ठेवते.

'मी दोन आठवडे जाऊन मुलांबरोबर राहू का?' हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मी नाही म्हणते. ज्या मुलाची आई एकदा सुटली आहे, त्याच्याशी पंधरा दिवस जीव लावून निघून यायचं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणी तेच करायचं, यात मुलाचं नुकसान होतं. जाऊन भेटायचं तर तिथल्या कार्यकर्त्यांना भेटा. ते तुम्हाला दाइ (दादा) किंवा दिदी म्हणतील, चहा देतील, आणि काय चुकतंय ते समोर बसल्यावर सांगतील. ईमेलवर सांगणार नाहीत.

संस्थेला पहिलं पत्र लिहाल तेव्हा पदव्या खाली ठेवा. हिशेब येतो का, आठवड्याला किती तास देता येतील, आणि देवनागरी वाचता येते, हे वर लिहा. त्या मुलीचं पत्र सापडल्यावर आम्ही जुनी सगळी पत्रं पुन्हा वाचायला काढली. खोकी चार होती. दोन अजून बाकी आहेत.