टॉर लावूनही नाव कळलंच: लिनक्सवाल्यांनो, या चुका टाळा

घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला टँकरच्या पाण्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. वाघबीळच्या पुढे राहणाऱ्या, ओळखीतल्या एका पोराला संशय आला की सोसायटीची कमिटी टँकरची बिलं फुगवतेय. पठ्ठ्याने महिनाभर गेटवर टँकर मोजले. तीन पानी पत्र लिहिलं, टेल्सचा (पेनड्राइव्हवरून चालणारं, मागे खुणा न ठेवणारं लिनक्स) पेनड्राइव्ह लावला, टॉरमधून (आपला पत्ता लपवत नेट फिरवणारं जाळं) नवा ईमेल उघडला आणि सगळ्या सभासदांना पीडीएफ धाडली. खाली सही: 'एक त्रस्त सभासद'. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकाकांनी लिफ्टमध्ये गाठलंच. "काय रे, फार त्रास होतोय का?"

माझ्याकडे आला तो टॉर फुटलं, नेटवाल्याने माहिती दिली, असल्या कहाण्या घेऊनच. मी ती पीडीएफ उघडली आणि प्रॉपर्टीज बघितल्या. लेखकाच्या रकान्यात साहेबांचं पूर्ण नाव, आडनावासकट. पत्र टाइप केलं होतं रोजच्या उबुंटूवर (तेही लिनक्सच), लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये. आणि कधीकाळी बायोडेटा करताना त्यातल्या यूजर डेटामध्ये नाव भरून ठेवलेलं. काका बँकेतून रिटायर झालेत, हॅकर नाहीत. दोन क्लिकचं काम होतं.

बरं, नाव पुसलं असतं तरी खाली आणखी एक ओळ होतीच: फाइल लिब्रेऑफिसमधून बनली आहे. लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं, कबूल. पण दीडशे फ्लॅटांच्या सोसायटीत ते वापरणारा, आणि गणपतीच्या मांडवात बसून लोकांना विंडोज सोडायला सांगणारा, हा एकटाच. लपायला गर्दी लागते, आणि लिनक्स घेतलं की आपण गर्दीतून आपणहून बाहेर येतो. हे कुणी लक्षात घेत नाही. सगळ्यांना वाटतं, पेंग्विन (लिनक्सचं बोधचिन्ह) आला म्हणजे बुरखा आला.

मी स्वतः असं काही पाठवायचं झालं तर अटॅचमेंट लावतच नाही, मजकूर सरळ ईमेलमध्ये टाकतो. फाइल लागतच असेल तर मॅट-टू वापरतो, फाइलमधला मेटाडेटा (लेखकाचं नाव, सॉफ्टवेअर असली लपलेली माहिती) काढणारं टूल. टेल्समध्ये ते आधीपासून असतं. ते पीडीएफच्या पानांची चित्रं करून टाकतं, म्हणून फाइल फुगते आणि मजकूर सिलेक्ट होत नाही. नवशिक्यांना एवढंही सहन होत नाही. मग ते 'लाइटवेट' पर्याय निवडतात, जो सगळा मेटाडेटा काढत नाही, आणि वर मलाच विचारतात, नाव कसं राहिलं?

टॉर मुळात काय झाकतं हेही समजून घ्या. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. त्याने विद्यापीठाचंच वायफाय वापरलं होतं आणि त्या वेळी तिथे टॉरला कोण जोडलेलं होतं, ते लॉगमध्ये दिसत होतं. पोलीस दारात आल्यावर गडी कबूल झाला. म्हणजे तुम्ही काय बघता ते टॉर लपवतं. टॉर वापरताय हे नेट देणाऱ्याला दिसतं. ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायची जाहीर यादीत नसलेली दारं, वापरले तर ते ओळखणं अवघड होतं, इतकंच.

टॉर ब्राउझरला नटवू नका. अॅडब्लॉकर नको, थीम नको, आवडता फाँट नको. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये साधारण 4 लाख 70 हजार ब्राउझरांच्या खुणा (वेबसाइटला दिसणारे फाँट, सेटिंग वगैरे) तपासल्या, तेव्हा 83.6 टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. टॉर ब्राउझरचा सगळा खटाटोप एकसारखं दिसण्यासाठी आहे. खिडकी ताणली की येणाऱ्या त्या मोकळ्या कडाही त्याचसाठी आहेत. त्या 'दुरुस्त' कशा करायच्या हे मला पुन्हा विचारू नका.

टॉरमध्ये बसून स्वतःच्या जीमेलला लॉगिन करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

व्हीपीएनचं (आपलं सगळं नेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा) म्हणाल तर नेटवाल्यावरचा विश्वास उचलून दुसऱ्या कंपनीवर ठेवणं, यापलीकडे त्यात फार काही नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार भारतात व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी लागते. शिवाय आयपीव्ही-6 (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) व्हीपीएनच्या बाहेरून गळतंय का, तेही बघा.

आणि होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवर दिसणारं मशीनचं नाव. उबुंटू टाकताना घाईत नेक्स्ट-नेक्स्ट केलं की तुमचं नाव आणि लॅपटॉपचं मॉडेल मिळून मशीनचं नाव तयार होतं, आणि वायफायला जोडताना ते राउटरला कळतं. नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवर वायफाय सांभाळणारा प्रोग्राम) ते न पाठवण्याची सेटिंग आहे, मी ती पहिल्या दिवशीच लावतो. त्या पोरालाही सांगितलं होतं. त्याने आपल्या डोक्याने होस्टनेमच बदलून 'अज्ञात' ठेवलं. आता क्लबहाउसच्या राउटरवर पन्नास फोन दिसतात आणि एक 'अज्ञात'. काकांनी परवा मला स्क्रीनशॉट दाखवला.