ईपीएबीएक्सचं एक्स्टेन्शन डेड झालंय? कार्ड काढायच्या आधी एमडीएफवर बघा

ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातले सगळे फोन (एक्स्टेन्शन) आपसात आणि बाहेरच्या लाईनला जोडणारं मशीन. फोन बंद पडले की लगेच "कार्ड उडालं" (कार्ड म्हणजे मशीनमधली सर्किटची पाटी, जिच्यावर फोनचे पोर्ट असतात) अशी बोंब उठते, आणि मी आत्तापर्यंत जेवढ्या कंप्लेंट बघितल्यात त्यातल्या बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत होतं आणि लोचा वायरिंगमध्ये होता. म्हणून पहिलं काम म्हणजे फॉल्ट मशीनच्या आत आहे का बाहेर हे ठरवणं, आणि ते ठरतं एमडीएफवर, म्हणजे वायरिंगच्या मुख्य फ्रेमवर, जिथं मशीनकडून येणारी तारांची जोडी आणि टेबलाकडं जाणारी जोडी क्रोनवर (तारा दाबून बसवायच्या पट्टीवर) एकत्र येतात.

आधी जरा चौकशी करा, नक्की किती फोन बंद आहेत? एकच असेल तर फोन, कॉर्ड, रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) नाहीतर वायर. ओळीनं आठ किंवा सोळा पोर्ट गेले असतील तर मात्र कार्डावर संशय घ्या. आपसात बोलणं होतंय पण बाहेर कॉल लागत नाही म्हणजे ट्रंक लाईन (टेलिफोन कंपनीकडून येणारी लाईन) किंवा ट्रंक कार्ड, आणि सगळंच गार पडलं असेल तर सरळ पॉवर सप्लायकडं जा.

आता एकच फोन बंद आहे असं धरू. चालू फोन आणून तिथं लावून बघा, तरी टोन नसेल तर एमडीएफवर या, बाहेर जाणारी जोडी काढा आणि मशीनच्या बाजूला बट फोन, म्हणजे लाइनमनचा क्लिपवाला टेस्ट फोन, लावा (साधा फोन चालणारा अॅनालॉग पोर्ट असेल तरच, डिजिटल कीफोनच्या पोर्टला बट लावायचा नाही). टोन आला म्हणजे मशीन ठीक, फॉल्ट बाहेर आहे. मीटर डीसीवर ठेवलात तर फोन खाली असताना साधारण ४८ व्होल्ट दिसतात, काही छोट्या सिस्टीमवर २४ च्या आसपास, आणि रिसीव्हर उचलला की ते धाडकन १० च्या आसपास किंवा खाली येतात. व्होल्टेजच नसेल तर आधी प्रोग्रामिंगमध्ये तो पोर्ट कुणी बंद केलाय का ते बघा. आणि रिंग वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नका, ७० ते ९० व्होल्ट एसी असतो, चांगलाच झटका बसतो.

मशीन ठीक निघालं तर बाहेरची जोडी दोन्ही टोकांना सुटी करून ओहमवर मोजा. मीटरनं काहीच दाखवायला नको. काही किलोओहम दाखवले तर कुठंतरी ओल आहे, शून्याजवळ आलं तर शॉर्ट. मग पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा जोडा आणि परत मोजा, ०.५ एमएमच्या तांब्याच्या तारेला जाऊन येऊन किलोमीटरला साधारण १६८ ओहम लागतात, म्हणजे १०० मीटरला सतराच्या आसपास, तिथं ऐंशी-नव्वद आले तर मधला एखादा जॉइंट कुजलाय असं समजा.

माझ्याकडं एकदा शेजारशेजारची चार एक्स्टेन्शन गेली होती आणि लोकांचं कार्ड बदलूनसुद्धा झालं होतं. मधला जंक्शन बॉक्स उघडला तर आत तारांवर हिरवा गंज चढलेला, जोडी अंगठ्यानं दाबली की टोन यायचा, सोडली की गायब. टोकं कापून, नवीन कनेक्टर टाकून अर्ध्या तासात चारही चालू झाली.

खरंच कार्डावर आलं तर पहिल्यांदा प्रोग्रामिंगचा बॅकअप घ्या, हे कृपा करून टाळू नका. मग मशीन बंद करून (चालू मशीनमध्ये काढलेलं चालतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच तसं करा), मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून, कार्ड त्याच प्रकारच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. फॉल्ट कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब, जुन्या स्लॉटलाच राहिला तर बॅकप्लेन (कार्डं ज्यात बसतात ती मागची पाटी) किंवा कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, पॉलिश पेपर अजिबात घासू नका, वरचा मुलामा जातो. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशानं चालू झालं ते कळत नाही आणि आठवड्यानं परत तेच.

लाईट गेल्यावरच मशीन बंद पडत असेल तर बॅटऱ्या बघा. ४८ व्होल्टच्या मशीनला १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मेन बंद करून लोडवर प्रत्येक वेगळी मोजा, एक जरी पटकन १०.५ च्या खाली बसली तर सेट गेला, आणि बदलताना चारही बदला, जुन्यात नवीन मिसळू नका. पॉवर सप्लायमध्ये डोकं फुगलेले कपॅसिटर दिसले तर तो बदलायला झालाय. मशीन बंद करून चालू केल्यावर घड्याळ मागं जात असेल तर ३ व्होल्टचा बटन सेल संपलाय, पण बऱ्याच मशीनमध्ये त्याच सेलवर प्रोग्रामिंगसुद्धा टिकतं, म्हणून तो काढायच्या आधीही बॅकअप हवाच.

वीज कडाडून गेल्यावर ट्रंक गेल्या असतील तर कार्ड मागवायच्या आधी एमडीएफवरचे प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून लाईन वाचवणारे) काढून बघा, त्यातली गॅस ट्यूब बऱ्याचदा शॉर्ट होऊन बसते आणि कार्ड वाचलेलं असतं. नवीन बसवताना अर्थिंगची तार घट्ट आहे का तेही तपासा, ती सुटी असेल तर पुढच्या वेळी प्रोटेक्टर असून कार्ड जाईल.