पाय कापू नका: मेळघाटात फोटो काढताना होणाऱ्या चुका

परतवाड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, लग्नाचे अल्बम, देवाच्या तसबिरींना काच बसवणं, असा सगळा संसार. चिखलदऱ्याला आणि सेमाडोहमार्गे धारणीला जाणारे रस्ते इथूनच घाट चढतात. त्यामुळे पुण्या-मुंबईचे हौशी फोटोग्राफर मेमरी कार्ड, सेल, लेन्स पुसायचं कापड असं काहीबाही घ्यायला दुकानात टेकतात. परतताना काहीजण चहा पिता पिता काढलेले फोटो दाखवतात. कॅमेरे दरवर्षी नवे असतात, चुका मात्र त्याच.

पहिली चूक पायांची

एका पाहुण्यानं काढलेला फोटो घेऊन एक कोरकू आदिवासी आजी दुकानात आली होती. फोटो खरंच सुंदर होता. चेहऱ्यावर बाजूनं ऊन, एकेक सुरकुती मोजून घ्यावी असा. आजी म्हणाली, "पाय कायले कापले रे बावा? मी का लंगडी हावो?" तिला दुसरा फोटो हवा होता. उभा, सरळ, डोक्यापासून पायापर्यंत, पायातली चांदीची कडी दिसली पाहिजेत असा. मी काढून दिला. माझ्या दृष्टीनं अगदी साधा फोटो, पण तिनं तो तीनदा कपाळाला लावला.

त्या दिवसापासून मी येईल त्याला एकच सांगतो, पहिला फोटो समोरच्याच्या मर्जीचा काढा. त्याला नवा शर्ट घालायचा असेल तर थांबा. घड्याळाचा हात पुढे धरायचा असेल तर धरू द्या. मोटारसायकलीवर बसायचं असेल तर बसू द्या. तो फोटो त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवा. मग तुमचा काढा. 'लोक कॅमेऱ्यासमोर ताठतात हो' ही सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार, आणि तिच्यावर मला ठाऊक असलेला इलाज हाच. ताठ उभं राहणं ही त्यांच्या लेखी फोटोची रीत आहे. ती पाळून झाली की माणूस आपोआप सैल होतो, विडी काढतो, हसतो.

याच्या अगदी उलट करणारेही येतात. मोबाईल खिशात ठेवा, प्लास्टिकची खुर्ची उचला, टी-शर्ट काढून धोतर नेसा! ज्या घरात पोरगा बारावीला आहे आणि छपरावर डिशची छत्री आहे, तिथं शंभर वर्षांपूर्वीचं गाव मांडायचं. खुर्ची राहू द्या. पाहुणा आला म्हणून शेजारून मागून आणलेली असते ती.

'हो' म्हणजे परवानगी नव्हे

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली भाषा. बाजारात मराठी-हिंदी चालते, पण घरातल्या म्हाताऱ्या बाईला तुमचं 'फोटो काढू का?' नीट कळेलच असं नाही. शिवाय पँट-शर्टातला अनोळखी माणूस म्हणजे सरकारी माणूस, ही समजूत पिढ्यांची आहे. सरकारी माणसाला 'नाही' कोण म्हणतं? म्हणून गावातला एखादा पोरगा सोबत घ्या, त्याच्या दिवसाची मजुरी द्या आणि त्याच्याकडून कोरकूत विचारवा. फोटो कुठं लागणार आहे तेही सांगा. बाईचा फोटो असेल तर बाईला विचारा, अंगणात बसलेल्या नवऱ्याला नव्हे.

पैशाचंही बोलून टाकतो. होळीनंतरचे काही दिवस मेळघाटातल्या रस्त्यांवर बायामाणसं गाड्या अडवून फगवा, म्हणजे होळीची खुशी, मागतात. 'आदिवासी आता पैसे मागायला लागले' असं एका पाहुण्यानं मला मोठ्या दुःखानं सांगितलं होतं. अहो, तो सण आहे! खुशीनं द्या, दोन गाणी ऐका, मग कॅमेरा काढा. मात्र एरवी पोरांना चॉकलेट किंवा दहाची नोट दाखवून उभं करू नका, पुढच्या गाडीमागं ती पळतात. आणि उघड्या, किडकिडीत लेकराचा फोटो 'मेळघाट' अशा ओळीखाली टाकायचा मोह होईल, तो आवरा. कुपोषण इथं आहेच, ते नाकारत नाही. पण ते पोर उद्या शाळेत जाणार आहे आणि तो फोटो तिथंही पोचणार आहे.

चेहरे काळे पडतात, त्याचं कारण

कोरकू गावात बहुधा एक सरळ रस्ता असतो आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंती दुपारी चांदीसारख्या चकाकतात. भिंतीसमोर सावळा माणूस उभा केला की कॅमेरा भिंत बघून गोंधळतो आणि उजेड कमी करतो. भिंत छान येते, चेहऱ्याचा कोळसा. घरी जाऊन चेहरा उजळवायला गेलात की दाणेदार राखाडी रंग येतो. तेव्हा प्रकाश चेहऱ्यावरच मोजा. मोबाईल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि ती सूर्याची खूण किंचित वर सरकवा. भिंत थोडी जळली तर जळू द्या. त्याहून बरं म्हणजे माणसाला ओसरीच्या सावलीत, कडेला, रस्त्याकडे तोंड करून बसवा. समोरच्या भिंतीवर आपटून येणारा उजेड फुकटचा रिफ्लेक्टर आहे. सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या घरांवर ऊन पडतं, संध्याकाळी समोरच्या ओळीवर. गावात शिरताच एवढं बघून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

उलटी चूक आम्ही स्टुडिओवाले करतो. गिऱ्हाईक न मागता गोरं करून टाकतो. मीही वर्षानुवर्षं केलं. एक मुलगी म्हणाली, "हा मी नाही." तेव्हापासून ते बटण दाबत नाही.

पहाट, मोह आणि अस्वल

मुंबईपेक्षा चिखलदऱ्याला सूर्य जवळपास अठरा मिनिटं आधी उगवतो, गडचिरोलीतल्या भामरागडला तर अर्धा तास आधी. मुंबईच्या सवयीनं गजर लावणारे लोक दरीच्या तोंडाशी पोचतात तेव्हा कोवळं ऊन संपलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणाऱ्या बायांचा फोटो हवा असेल तर आणखीच लवकर निघा. फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत टपटपतात, उजाडताच वेचणं सुरू होतं आणि ऊन तापायच्या आत टोपल्या घरी पोचतात. नाश्ता करून नऊला निघालात तर रिकामं झाड मिळेल. मात्र एकट्यानं अंधारात जाऊ नका. मोहाचं फूल अस्वलालाही आवडतं, आणि या दिवसांत माणसावर हल्ले होतात. वेचणाऱ्यांच्या मागून चाला, त्यांना वाट ठाऊक असते.

ऋतूचा घोळ तर कायमचा. ऑगस्टमधला हिरवागार फोटो बघून लोक मे महिन्यात येतात. मेळघाटचं जंगल सागाचं, उन्हाळ्यात पानगळ होऊन नुसत्या काड्या उभ्या राहतात. सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी डोहच उरतात. हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर, दूरचे डोंगर पुसलेले. तेव्हा रुंद दृश्याचा नाद सोडा. त्या काड्यांच्या सावल्या बघा, डोहावर आलेली गुरं बघा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटलेला एकटा पळस बघा. पावसाळ्यात आलात तर गाडीतला एसी बंद ठेवा, नाहीतर बाहेर पडल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते आणि भीमकुंडाच्या धबधब्याऐवजी पांढरं पटकूर मिळतं. घरी गेल्यावर कॅमेरा बॅगेत कोंबून ठेवू नका. लेन्सला बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

तसाच लोणारच्या गुलाबी तळ्याचा हट्ट. जून 2020 मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं ते खारटपणा वाढल्यामुळे फोफावलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. ते रोजचं नाही. हिरवं पाणी आलं म्हणून संगणकावर गुलाबी करू नका.

देवाच्या जागी तिपाई

कोरकू गावाच्या कडेला, झाडाखाली, लाकडी कोरीव फळ्या उभ्या दिसतील. घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले. हे मुंडे. मेलेल्या माणसासाठी सिडोळीचा विधी करून ते रोवतात. एका पाहुण्यानं फोटो स्पष्ट यावा म्हणून त्यावरची हळद ओल्या फडक्यानं पुसली होती, आणि वर तेच मला कौतुकानं सांगत होता! तुमच्या आजोबांच्या फोटोवरचं कुंकू कुणी पुसलं तर? हात लावू नका, बॅग टेकवू नका, आणि तो कुणाचा मुंडा आहे हे विचारा. नाव कळलं की फोटोही वेगळा निघतो.

गडचिरोलीत आणखी सांभाळा. माडिया आदिवासींच्या गावातलं कुर्माघर, पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी, हा पाहुण्यांचा आवडता विषय. प्रथा वाईट आहे असं मलाही वाटतं. पण तिथं बसलेल्या बाईचा चेहरा जगाला दाखवून प्रथा मोडत नाही, ती बाई मात्र मोडते. भामरागडकडे ड्रोन नेऊच नका. आधी पोलीस, मग गाव, सगळेच हादरतात. व्याघ्र प्रकल्पात तर ड्रोनला बंदीच आहे. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडू शकतो, तेव्हा परतीची तारीख कुणाला कबूल करून निघू नका.

फोटो परत न पाठवणं

ही चूक मी शेवटी ठेवली, कारण तिची झळ माझ्या काउंटरवर येते. डोंगरातून लोक आधार कार्ड घेऊन येतात. 'बाप गेला, मोठा फोटो करून द्या.' कार्डावरचा तो नखाएवढा, घाबरलेला, पुसट चेहरा. मी तो वाढवतो, डोळे अंदाजानं काढतो, गळ्यात हार टाकतो. मागे एक पोरगा म्हणाला, "बाबाचे लय फोटो काढले होते एका सायबानं. मोठा कॅमेरा होता. पाठवतो म्हणला होता." साहेबाचं नाव? ठाऊक नाही. गाव? पुणं असंल.

तेव्हा वहीत नाव, गाव, पाड्याचं नाव आणि कुणाच्या तरी मोबाईलचा नंबर लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर भागत नाही. फोन बदलतो, फोटो जातो. कागदावर काढा, मागे बॉलपेननं नाव लिहा. टपाल पोचेल याची खात्री नसेल तर आमच्यासारख्या एखाद्या दुकानात पाकीट ठेवून जा, बाजाराला आलेला कुणीतरी त्या गावचा निघतोच. आणि निवडताना तुमचा आवडता नको, पाय दिसणारा ठेवा.