रात्रीच्या ट्रेनला फॅमिलीसाठी बर्थ कसे निवडायचे

रात्रभराचा प्रवास आणि सोबत पोरंबाळं, म्हातारी माणसं असली की आधी चर्चा होते ती स्लीपर, थ्री एसी की टू एसी याची. माझं मत विचाराल तर क्लास नंतर बघा, आधी सगळे एकाच कप्प्यात कसे येतील ते बघा. आजी डब्याच्या या टोकाला आणि नातवंडं त्या टोकाला असतील तर एसी काय कामाचा.

त्यासाठी बर्थचा नंबर वाचता यायला हवा. स्लीपर आणि नेहमीच्या थ्री एसीत आठ बर्थचा एक कप्पा. नंबरला ८ ने भागा, बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर, काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. टू एसीला मिडल नसतो, तिथे ६ ने भागायचं, १ आणि ३ लोअर, २ आणि ४ अप्पर, ५ साइड लोअर, शून्य साइड अप्पर. आता गोची कुठे होते बघा, थ्री एसीत ४० आणि ४१ मिळाले की आपण खूश, शेजारी शेजारी आले म्हणून, पण ४० हा एका कप्प्याचा साइड अप्पर आणि ४१ पुढच्या कप्प्याचा लोअर, मध्ये पार्टिशन. उलट ३३ आणि ४० लांबचे वाटतात पण एकाच कप्प्यात.

चौघं असाल आणि परवडत असेल तर टू एसी मस्त, समोरासमोरचे चारही बर्थ मिळाले की पडदा ओढला की झालं. सहा जण असतील तर मात्र मी थ्री एसीच घेईन, समोरासमोरचे सहाही बर्थ आपले, मिडल बर्थ कधी उघडायचा यावरून कुणाशी वाद नाही (नियमाने तो रात्री १० ते सकाळी ६ असतो, पण पोरं नऊलाच पेंगतात). फर्स्ट एसीला दार असतं, पण दोघांची कूपे मिळणार की चौघांची केबिन हे चार्ट लागल्यावरच कळतं.

५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, बर्थही नाही, ते आईजवळ लोअरवर भिंतीच्या बाजूला. ५ ते १२ मध्ये बर्थ न घेता हाफ तिकीट काढता येतं, पण नऊ-दहा वर्षांचं पोरगं शेजारी घेऊन झोपून बघा एकदा, दोघांचीही झोप जाते. त्याला पूर्ण तिकीट काढून मिडल द्या. अप्पर मोठ्यांनी घ्यावा, आणि उंच माणसाने साइडच्या नादी लागू नये, पाय मावत नाहीत.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच करा. एका तिकिटावर सहाच जण, तत्काळला चारच. सगळ्यांना लोअर मागू नका, कप्प्यात साइड धरून तीनच लोअर असतात, सगळे विखुरले जाल. ‘सगळे एकाच डब्यात मिळाले तरच बुक करा’ असा ऑप्शन असतो तो टिक करा. ६० च्या वरचे पुरुष आणि ४५ च्या वरच्या बायका यांना लोअरचा कोटा आहे पण तो एका तिकिटावर एकटे किंवा या वयात बसणारे दोघंच असतील तरच, म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढायचा मोह होतो, त्यात डबाच दुसरा येऊ शकतो हे लक्षात ठेवा. तिकीट आरएसी (पक्का बर्थ नाही, फक्त बसायची जागा) असेल तर साइड लोअरवर दोघांनी बसून रात्र काढायची तयारी हवी, लहान मूल असेल तर मी तरी जाणार नाही.

एवढं करूनही फाटाफूट झालीच तर गाडीत बसल्या बसल्या अदलाबदलीचं विचारा, समोरच्याने चादर अंथरल्यावर नाही. आणि बदल्यात बरा बर्थ द्या, आपला साइड अप्पर देऊन त्याचा लोअर मागितला तर कोण देणार!